प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा शिफारस अल्गोरिदम: बांधण्याआधी काय मोजायचं आणि मग कसं बांधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात किराण्याची पाच दुकानं आणि एक अ‍ॅप. मोबाइल नंबरवरून ओळखता येणारी साधारण २०,००० गिऱ्हाइकं, ८,००० वस्तू, अ‍ॅपवर महिन्याला ६,००० ऑर्डरी. दहा वस्तूंच्या शिफारस-ओळीसाठी चार अल्गोरिदम तपासले: परिसरात जास्त खपणारं, 'यासोबत हेही घेतलं जातं' प्रकारचा वस्तू-ते-वस्तू, मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन (गिऱ्हाइकं आणि वस्तू यांना थोड्या लपलेल्या घटकांत मांडून जुळणी करणारा) आणि चालू भेटीतल्या क्लिकवर चालणारा. यादीतली निदान एक वस्तू बिलात आली तर नेम लागला असं धरलं. चौघांचेही आकडे ३० टक्क्यांच्या आसपास, एकमेकांत जेमतेम टक्काभर फरक. पण प्रत्येक गिऱ्हाइकाची दहा-दहा बिलं बाजूला ठेवून ज्याला जो चालला तो निवडला तर आकडा ४३ टक्क्यांवर जातो. ही निवड मशीन लर्निंगकडून कशी करून घ्यायची?

निवड करणारं मॉडेल बांधता येतं आणि ते फार अवघडही नाही. मात्र त्या १३ टक्क्यांच्या वाढीतला मोठा भाग निव्वळ योगायोग असणार. तो किती आहे हे मोजल्याशिवाय पुढची एक ओळही लिहू नका.

समजा चारही अल्गोरिदम प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तंतोतंत सारखे आहेत. दर बिलाला प्रत्येकाचा नेम लागण्याची शक्यता ३० टक्के, कुणासाठीच कुणी सरस नाही. एकाच बिलावर तपासलं तर चौघांपैकी निदान एकाचा नेम लागण्याची शक्यता १ वजा ०.७ चा चौथा घात, म्हणजे ७६ टक्के येते. दहा बिलांवर तपासलं तर प्रत्येकाचे सरासरी ३ नेम लागतात, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) १.४५, आणि चौघांतला सर्वांत वरचा साधारण एका विचलनानं वर, म्हणजे साडेचारावर जातो. ३० चे ४५ टक्के झाले, तेही कुणाच्या आवडीनिवडीचा काहीच संबंध नसताना. चार नाणी दहा-दहा वेळा उडवायची आणि ज्यावर छापा जास्त पडला त्याला छाप्याचं नाणं म्हणायचं, तसा हा प्रकार. तुमच्या चार याद्यांत बऱ्याच वस्तू सामाईक असणार, त्यामुळे योगायोगाचा वाटा १५ पेक्षा कमी भरेल आणि १३ मध्ये थोडं सत्यही असेल. पण थोडंच.

ते वेगळं काढायला एक दुपार पुरते. प्रत्येक गिऱ्हाइकाची बिलं तारखेनं लावा. विषम क्रमांकाच्या बिलांवर त्याचा 'विजेता' ठरवा आणि तो विजेता सम क्रमांकाच्या बिलांवर मोजा. मग उलट करा आणि दोन्हींची सरासरी घ्या. तुलना करायची ती त्याच विषम बिलांवर एकूणात जिंकलेल्या एकाच अल्गोरिदमशी. १३ ची वाढ उतरून एक-दोन टक्क्यांवर आली तर ते नेहमीचंच आहे. शून्याखाली गेली तरी दचकू नका. दहा बिलांवरून केलेली निवड इतकी डळमळीत असते की ती सरसकट निवडीपेक्षा वाईट ठरू शकते.

याच मोजणीतून आणखी एक कामाचा आकडा निघतो. दोन अल्गोरिदमांमधला फरक एका बिलापुरता उणे एक, शून्य किंवा एक असतो. समजा पंधरा टक्के वेळा पहिला एकटा जिंकतो, पंधरा टक्के वेळा दुसरा, उरलेल्या वेळी बरोबरी. मग एका बिलाच्या फरकाचं प्रसरण (विचलनाचा वर्ग) ०.३ येतं. गिऱ्हाइकागणिक खरा फरक साधारण १० टक्क्यांच्या विचलनाचा असेल तर त्याचं प्रसरण ०.०१. दोन्हींचा भागाकार ३०. म्हणजे ज्याची १० बिलं आहेत त्याच्या स्वतःच्या आकड्याला १० भागिले ४० इतकंच वजन द्यायचं, पाव हिस्सा. बाकीचा पाऊण हिस्सा सर्वसाधारण आकड्याचा. तीस बिलं झाल्यावर कुठे निम्मं-निम्मं होतं. किराण्यात तीस बिलं जमायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि तोवर घरात सून आलेली असते नाहीतर मुलगा पुण्याला गेलेला असतो.

म्हणून गिऱ्हाइकाच्या नावावर एक अल्गोरिदम कायमचा चिकटवायची कल्पना सोडा. दर भेटीला नव्यानं निवडा, आणि तेही ती भेट कशासाठी आहे हे पाहून. एकाच नंबरवर आई महिन्याचं सामान भरते, मुलगी रात्री नऊला नूडल्स मागवते आणि आजोबांसाठी बिनसाखरेची बिस्किटं जातात. तिघांची मिळून एक 'आवड' काढली तर ती तिघांपैकी कुणाचीच नसते.

संगणकशास्त्रज्ञ जॉन राइस यांनी १९७६ मध्ये हा प्रश्न अल्गोरिदम-निवड म्हणून नीट मांडला: समस्येची लक्षणं एका बाजूला, अल्गोरिदम दुसऱ्या बाजूला, आणि लक्षणांवरून कामगिरीचा अंदाज. तुम्हाला तेच करायचं आहे. यासोबत वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांचं १९९७ चं प्रमेय हमखास पुढे केलं जातं: कुठलाच अल्गोरिदम सगळीकडे सरस नसतो, म्हणून प्रत्येकाला वेगळा हवा. ते प्रमेय सगळ्या कल्पनीय समस्यांच्या सरासरीबद्दल बोलतं. नागपुरातल्या सदर भागातल्या गिऱ्हाइकाला एक आणि सक्करदरा भागातल्या गिऱ्हाइकाला दुसरा अल्गोरिदम लागतो, असं त्यातून निघत नाही.

आधी डेटा झाडून घ्या

किराण्याच्या बिलांत चार ठिकाणी हमखास घाण असते आणि चारही ठिकाणं निवडीच्या मॉडेलला फसवतात.

पहिलं, काउंटरवरचा नंबर. गिऱ्हाइकानं मोबाइल नंबर दिला नाही की कॅशियर स्वतःचा किंवा ९९९९९ वाला कुठलातरी नंबर टाकतो. एका 'गिऱ्हाइका'ची वर्षात चार हजार बिलं दिसली तर ते गिऱ्हाईक नव्हे. असा एक नंबर वस्तू-ते-वस्तूच्या गणितात दुकानातली प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला बांधून टाकतो. दिवसाला दोनपेक्षा जास्त बिलं महिनाभर सलग दिसली तर तो नंबर काढा.

दुसरं, भोजनालयं, मेस आणि छोटे दुकानदार. सावजी भोजनालयवाला एका वेळी वीस किलो कांदा आणि पाच किलो खडा मसाला नेतो. त्याला घरगुती डेटात ठेवलं तर लवंग घेणाऱ्या प्रत्येकाला वीस किलोची गोणी दिसू लागते. नगांच्या संख्येवरून हे नंबर वेगळे करा. त्यांना शिफारस नको असते, मागची ऑर्डर पुन्हा टाकायचं बटण हवं असतं.

तिसरं, एकाच मालाचे वेगवेगळे पुडे. तूरडाळ अर्धा किलो, एक किलो, पाच किलो या बिलाच्या दृष्टीनं तीन वस्तू आहेत, पण शिफारशीसाठी एक. हे जोडलं नाही तर एक किलो डाळ टोपलीत टाकल्यावर खाली अर्धा किलो डाळ दिसते, आणि अ‍ॅप येडं आहे हे गिऱ्हाइकाला कळायला तेवढं पुरतं. आधी मूळ माल सुचवायचा, मग त्या घरानं मागच्या तीन वेळा नेलेला पुडा दाखवायचा.

चौथं, संपलेला माल. एखादी वस्तू त्या दिवशी दुकानात नव्हतीच, तर ती न विकली जाणं हा अल्गोरिदमचा दोष नाही. रोजचा स्टॉक जपून ठेवला नसेल तर आजपासून ठेवायला लागा, कारण मागे जाऊन तो तयार करता येत नाही.

वस्तूंच्या नावांचा एक खास नागपुरी घोळ आहे. तयार भाषा-मॉडेल वापरून नावांवरून साम्य काढलं तर 'सांभार' इडलीच्या सांबार मसाल्याशेजारी जाऊन बसतो. इथे सांभार म्हणजे कोथिंबीर. 'फल्ली' म्हणजे शेंगदाणे, आणि फल्ली तेल शोधणाऱ्याला राजमा-घेवड्याच्या शेंगा दाखवून उपयोग नाही. अशा दीड-दोनशे शब्दांची यादी काउंटरवरच्या माणसाला बसवून हातानं करा. दोन तासांचं काम आहे आणि कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त फायदा देतं.

तुमच्या चौघांत पाचवा नाहीच

किराण्यात सर्वांत जास्त नेम लावणारा अल्गोरिदम तुमच्या यादीत नाही: त्या घरानं पूर्वी नेलेलंच पुन्हा सुचवणारा. प्रत्येक वस्तूसाठी त्या घराच्या दोन खरेद्यांमधलं मध्यक अंतर काढायचं, शेवटच्या खरेदीपासून झालेल्या दिवसांना त्यानं भागायचं, आणि भागाकार एकाच्या आसपास आला की वस्तू वर आणायची. यात शिकणारं मॉडेल नाही, काही नाही. तरीही नेमाच्या टक्केवारीत हा बाकी चौघांना मागे टाकेल. मग निवडीचं मॉडेल जवळपास प्रत्येक वेळी यालाच निवडेल आणि तुम्हाला काम फत्ते झाल्यासारखं वाटेल.

इथेच फसगत आहे. घरातलं मीठ संपलं तर माणूस मीठ घेणारच, तुम्ही दाखवा की न दाखवा. त्या नेमानं विक्री एका रुपयानंही वाढत नाही. गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो. ती चांगलीच गोष्ट आहे, पण वेगळी आहे. म्हणून दोन ओळी करा. वर 'नेहमीचं सामान', त्यात फक्त पुन्हा-खरेदी चालवा आणि ऑर्डर पूर्ण व्हायला लागलेल्या मिनिटांवर तिला जोखा. खाली दुसरी ओळ, ज्यात त्या घरानं गेल्या १८० दिवसांत न नेलेलाच माल येईल. निवडीचा सगळा खटाटोप या दुसऱ्या ओळीपुरता. तिचा नेम ३० वरून बराच खाली येईल, समजा ८ टक्क्यांवर. वाईट वाटून घेऊ नका, हे ८ टक्के खरे आहेत.

१८० दिवसांच्या अटीला एक अपवाद हवा. मार्च-एप्रिलमध्ये इथली घरं वर्षभराचं तिखट आणि हळद भरतात, भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद किलोंनी जाते. हा माल वर्षातून एकदाच घेतला जातो, म्हणून १८० दिवसांच्या खिडकीत तो 'नवा' ठरतो. अशा वार्षिक वस्तूंना वेगळी खूण करून वरच्या ओळीत घाला आणि त्यांच्यासाठी मागच्या वर्षीचे तेच सहा आठवडे पाहा.

चौघांना आधी आपापल्या जागी धड करा

कच्च्या अल्गोरिदमांतून निवड करणं व्यर्थ आहे. २०१९ मध्ये फेरारी डाक्रेमा, क्रेमोनेसी आणि यानाख यांनी शिफारशीच्या १८ नव्या न्यूरल पद्धती पुन्हा चालवून पाहायचा प्रयत्न केला. त्यांतल्या ७ च चालवता आल्या, आणि त्या सातांपैकी ६ नीट जुळवलेल्या साध्या पद्धतींपुढे टिकल्या नाहीत. तेव्हा पाचवा-सहावा अल्गोरिदम आणण्याआधी हे चार जुळवा.

वस्तू-ते-वस्तू: अ‍ॅमेझॉनच्या मंडळींनी २००३ मध्ये मांडलेली हीच पद्धत. दोन वस्तूंचे सामाईक खरेदीदार, भागिले दोन्हींच्या खरेदीदारांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. दोनच जणांनी घेतलेल्या दोन वस्तू, तेच दोघे, तर साम्य थेट १. म्हणून त्याला 'सामाईक संख्या भागिले (सामाईक संख्या अधिक १०)' यानं गुणा. त्या दोघांचं साम्य १ वरून ०.१७ वर येतं आणि कचरा खाली बसतो. प्रत्येक वस्तूचे वरचे १०० शेजारी ठेवले तरी एकूण ८ लाख ओळी होतात, मामुली गोष्ट.

मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन: हू, कोरेन आणि व्होलिन्स्की यांनी २००८ मध्ये दिलेलं, क्लिक आणि खरेदीसाठीचं रूप वापरा. तारे देणाऱ्या रेटिंगसाठीचं रूप इथे चालत नाही. ८,००० वस्तूंना ३२ ते ६४ घटक पुरतात. जुन्या बिलांचं वजन ९० दिवसांत निम्मं होऊ द्या. ज्याची तीनपेक्षा कमी बिलं आहेत त्याच्यासाठी याचं उत्तर म्हणजे 'परिसरात खपणारं'चीच पातळ नक्कल.

चालू भेटीवरचा दोन-तीन क्लिक होईपर्यंत आंधळा असतो. आणि 'परिसरात खपणारं' गेल्या २१ दिवसांचं आणि दुकाननिहाय असू द्या, वर्षभराचं नको.

निवड करणारं मॉडेल

काळाचे तीन तुकडे करा. पहिल्या तुकड्यावर चार अल्गोरिदम शिकवा. त्यानंतरच्या आठ आठवड्यांतल्या प्रत्येक ऑर्डरसाठी, आदल्या रात्रीपर्यंतच्याच माहितीवर, चौघांच्या याद्या बनवा आणि प्रत्येकाला गुण द्या. या गुणांवर निवडीचं मॉडेल शिकतं. शेवटच्या चार आठवड्यांवर ते तपासायचं आणि तिथे एकदाच बघायचं. सर्वांत जास्त घडणारी चूक इथेच होते: चार अल्गोरिदम सगळ्या डेटावर शिकवून ठेवतात आणि मग मधल्या आठ आठवड्यांवर गुण देतात. मॅट्रिक्स फॅक्टरायझेशननं ती बिलं आधीच पाहिलेली असल्यानं ते सगळीकडे जिंकतं, निवडीचं मॉडेल तेच शिकतं, आणि अ‍ॅपवर गेल्यावर सगळं कोसळतं.

आठ आठवड्यांत साधारण १२,००० ऑर्डरी, गुणिले चार अल्गोरिदम, ४८,००० ओळी. एवढ्यावर साधं ग्रेडियंट बूस्टिंग (एकामागून एक लहान निर्णय-झाडं जोडत जाणारं मॉडेल) चालतं. लाइटजीबीएम (त्यासाठीची तयार लायब्ररी) वापरत असाल तर प्रत्येक झाडाला १५ पानं (फांद्यांची टोकं), प्रत्येक पानात किमान २०० ओळी, शिकण्याचा वेग ०.०५, आणि सुधारणा थांबली की थांबा. याहून मोठं मॉडेल योगायोग पाठ करेल.

'या ऑर्डरला कोण जिंकला' असं वर्गीकरण शिकवू नका. सगळे तसंच करतात आणि सगळे तिथेच अडकतात. वरच्या ३० टक्क्यांच्या उदाहरणात एकट्याचाच नेम लागला अशी बिलं ४१ टक्के येतात. उरलेल्या ५९ टक्क्यांत एकमेव विजेता नसतोच. ८ टक्क्यांवर तर बहुसंख्य बिलांत चौघेही चुकलेले असतात. बरोबरीत कुणालातरी विजेता ठरवावं लागतं आणि मॉडेल तो ठरवण्याचा नियमच शिकतं, बहुतेक वेळा यादीत पहिलं नाव असलेला. त्यापेक्षा प्रत्येक अल्गोरिदमला या भेटीत किती गुण मिळतील याचा अंदाज बांधा आणि अंदाजांची तुलना करा. एखादा कुठे आपटणार हे ओळखणं, तो कुठे चमकणार हे ओळखण्यापेक्षा सोपं असतं.

गुण कशाचे? रुपये घ्यायचा मोह होतो. पण तेलाचा १५ किलोचा एक डबा पन्नास बिलांचा हिशेब झाकून टाकतो. यादीतून घेतलेल्या नव्या वस्तूंची संख्या, जास्तीत जास्त ३, एवढं पुरे. रुपयेच हवे असतील तर ९५ व्या शतमकावर कापा, म्हणजे ज्या रकमेखाली ९५ टक्के बिलं येतात तिच्यावर.

लक्षणांमध्ये भेटीची लक्षणं आधी घ्या: गिऱ्हाईक आलं कुठून, मुख्य पानावरून, सर्चमधून की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑफरच्या लिंकवरून, टोपलीत आत्ता किती वस्तू, या भेटीत किती क्लिक, मागच्या ऑर्डरला किती दिवस झाले, महिन्याची तारीख, कारण १ ते ७ मधली भेट आणि २५ नंतरची भेट यांत पगाराचा फरक असतो. मग घराची: एकूण बिलं, बिलातला पूर्वी घेतलेल्या वस्तूंचा वाटा, दोन ऑर्डरींमधलं अंतर किती नियमित, किती प्रकारचा माल घेतात, आणि घेतलेला माल सर्वसाधारण खपाचा की कोपऱ्यातला. तिसरा गट लोक विसरतात: अल्गोरिदम स्वतः किती खात्रीनं बोलतोय. त्याच्या पहिल्या आणि दहाव्या वस्तूच्या गुणांत किती दरी आहे, त्याची यादी 'परिसरात खपणारं'शी किती जुळते, त्यानं काढलेल्या ५० पैकी किती वस्तू त्या दुकानात आज आहेत. हा तिसरा गट कित्येकदा घराच्या लक्षणांपेक्षा जास्त काम करतो.

निवडताना उंबरठा ठेवा. एकूणात जो सरस तो मूळ, आणि दुसऱ्याचा अंदाज त्याच्यापेक्षा ठरावीक फरकानं वर असेल तरच बदल. तो फरक किती ठेवायचा हे मधल्या आठ आठवड्यांतल्या शेवटच्या दोनवर ठरवा, त्यासाठी ते दोन शिकवण्यातून वगळा. एका भेटीत निवड एकदाच करा. दर क्लिकला ओळ बदलली तर आत्ता पाहिलेली वस्तू गिऱ्हाइकाला पुन्हा सापडत नाही. क्लिक वाढल्यावर भेटीवरच्या अल्गोरिदमकडे वळायचं असेल तर टोपलीच्या पानावर गेल्यावर वळा.

याला एक पर्याय आहे, आणि दहा जागा असताना मला तो जास्त पटतो: एकच निवडण्याऐवजी जागा वाटून द्या. नेटफ्लिक्सनं २००६ मध्ये जाहीर केलेलं १० लाख डॉलरचं बक्षीस २००९ मध्ये ज्या संघानं जिंकलं, त्यानं शेकडो मॉडेलांचं मिश्रण केलं होतं, आणि नेटफ्लिक्सनं ते अंतिम मिश्रण जसंच्या तसं कधी वापरलं नाही, कारण मिळणाऱ्या फायद्याच्या मानानं काम जास्त होतं. तुम्हाला शेकडो नकोत. मॉडेलनं 'या भेटीत वस्तू-ते-वस्तू ६, फॅक्टरायझेशन ३, खपणारं १' असं वाटप दिलं तर चुकीच्या निवडीची किंमत कमी होते. फक्त वेगवेगळ्या अल्गोरिदमांचे गुण एकमेकांत मिसळू नका. एकाचा ०.४ आणि दुसऱ्याचा ०.९ यांची तुलना होत नाही. क्रमांक मिसळा: १ भागिले (६० अधिक क्रमांक), याची बेरीज.

अ‍ॅपवर गेल्यावर

आत्तापर्यंतचं सगळं जुन्या बिलांवर आहे, आणि जुनी बिलं तेव्हा जे दाखवलं जात होतं त्याच्या रंगात रंगलेली असतात. आज 'परिसरात खपणारं' दिसत असेल तर कागदावर तेच जिंकेल. म्हणून काही टक्के भेटींत चौघांतून चिठ्ठी टाकून निवडा आणि कुणाला किती शक्यतेनं निवडलं ते नोंदवा. १० टक्के भेटी यासाठी ठेवल्या तर न निवडलेल्याची शक्यता २.५ टक्के होते, हिशेबात त्या भेटीला ४० पट वजन मिळतं आणि दोन-चार ऑर्डरींवर सगळा निकाल झुलतो. २० टक्के ठेवा, म्हणजे ५ टक्के शक्यता आणि २० पट वजन. महिनाभर हे परवडतं, कारण चौघांच्या सरासरीत फरक टक्काभराचाच आहे, नुकसान नगण्य.

नोंदीत वेळ, गिऱ्हाईक, दुकान, अल्गोरिदम, निवडीची शक्यता, दाखवलेल्या दहा वस्तू क्रमानं, त्यांतल्या स्क्रीनवर खरंच किती आल्या, क्लिक, टोपली, बिल आणि परत आलेला माल हवा. 'स्क्रीनवर आल्या का' हे विसरलात तर ओळ न पाहताच ऑर्डर दिलेल्या निम्म्या भेटी अपयश म्हणून मोजल्या जातात.

ए/बी चाचणीचा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या एका गटाला जुनं आणि दुसऱ्याला नवं दाखवून केलेल्या तुलनेचा, हिशेब आधीच करा. १६ गुणिले प गुणिले (एक वजा प), भागिले फरकाचा वर्ग (प म्हणजे सध्याच्या नेमाचं प्रमाण), इतक्या ऑर्डरी प्रत्येक बाजूला लागतात. ८ टक्क्यांवर २ टक्क्यांचा फरक पकडायला सुमारे २,९५०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक महिना. १ टक्क्याचा पकडायला सुमारे ११,८००, म्हणजे जवळपास चार महिने. आणि विभागणी गिऱ्हाइकावर करायची असल्यानं, एकाच घराच्या ऑर्डरी एकसारख्या असतात म्हणून, याहूनही जास्त. याद्या एकाआड एक गुंफून, कुठल्या अल्गोरिदमची वस्तू घेतली गेली ते मोजलं तर याच्या अंशात उत्तर मिळतं. सर्च इंजिनं तपासायला ही युक्ती वापरतात. दोघांनी आळीपाळीनं आपली पुढची वस्तू टाकायची, पहिला कोण ते दर फेरीला नाणेफेकीवर. विक्री वाढली का, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी ५ टक्के गिऱ्हाइकांना दुसरी ओळ दाखवूच नका आणि त्यांचं महिन्याचं एकूण बिल पाहा.

बँडिट (जो जास्त नेम लावतो त्याला हळूहळू जास्त संधी देत जाणारी पद्धत) लावायचं असेल तर गिऱ्हाईकनिहाय लावू नका. वर्षाला २४ ऑर्डरी, चार अल्गोरिदम, प्रत्येकाच्या वाट्याला सहा. त्यातून काही शिकता येत नाही. भेटींचे सहा गट करा: पहिली भेट, जुनं घर रिकामी टोपली, नवं घर रिकामी टोपली, टोपलीत तीन किंवा जास्त, सर्चमधून, ऑफरच्या लिंकवरून. सहा गुणिले चार म्हणजे २४ खाने, महिन्याला प्रत्येकी सरासरी २५० ऑर्डरी. थॉम्प्सन सॅम्पलिंगसाठी (प्रत्येकाच्या यश-अपयशाच्या नोंदीवरून त्याचा शक्य नेम चिठ्ठीनं काढायचा आणि सर्वांत वरचा निवडायचा), १९३३ सालची ही कल्पना अजून उत्तम चालते, सुरुवात ४ यश आणि ४६ अपयशांपासून करा, म्हणजे ८ टक्के. रोज रात्री जुने आकडे ०.९८ नं गुणा, त्यांचं वजन ३४ दिवसांत निम्मं होतं. ऑर्डर काही तासांनी येते, म्हणून बिलं जमा करून रात्रीच एकदा बदला. सहा गटांचा हा बँडिट लाइटजीबीएमच्या निवडीइतकाच ठरला तर लाइटजीबीएम काढून टाका. असं होण्याची शक्यता बरीच आहे.

सणांचा हिशेब तारखेवर बांधू नका. २०२४ ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, २०२५ ची ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. 'मागच्या वर्षीचा हाच आठवडा' धरला तर भाजणी आणि पोहे दहा-अकरा दिवस उशिरा सुचतात. लक्ष्मीपूजनाला, पोळ्याला किती दिवस उरले हे लक्षण ठेवा. तान्हा पोळ्याच्या आदल्या आठवड्यात लाकडी नंदीबैल आणि खाऊच्या पुड्या जातात, हे बाहेरच्या कुठल्याही तयार मॉडेलला माहीत नसतं. उन्हाळा चढला की पन्ह्याच्या कैऱ्या, सरबतं आणि कूलरच्या गवताच्या ताट्या चार-पाच आठवड्यांत येऊन जातात. अशा वेळी ९० दिवसांच्या आठवणीवर चालणारं फॅक्टरायझेशन मागे पडतं आणि २१ दिवसांचं 'परिसरात खपणारं' पुढे जातं. निवडीचं मॉडेल हिवाळ्यात शिकलेलं असेल तर हे त्याला कळणार नाही. दर चार आठवड्यांनी पुन्हा शिकवा, आणि तपासणीचे चार आठवडे एकट्या दिवाळीत पडू देऊ नका.

सर्व्हरचा खर्च किरकोळ आहे. २०,००० घरं, तीन अल्गोरिदम, प्रत्येकी ५० वस्तू, ३० लाख ओळी रात्रीच बनवून ठेवा. भेटीवरचा तेवढा जागेवर चालवा. ५० ठेवायचं कारण असं की संपलेला माल आणि त्या घराचा नेहमीचा माल गाळल्यावर दहा उरायला हव्यात. आणि गाळणी निवडीच्या आधी लावा. आधी निवडून मग गाळलं तर कधीकधी चारच वस्तूंची ओळ दिसते, आणि दोष त्या बिचाऱ्या अल्गोरिदमच्या नावावर चढतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्याचा माग काढणं आणि त्यांना नेमक्या जाहिराती दाखवणं यांना मनाई करणारी तरतूद आहे. घरच्या नंबरवरून मुलंही मागवतात, तेव्हा 'घरात लहान मूल' असं लक्षण काढून त्यावर चॉकलेटं सुचवायच्या फंदात पडू नका. गिऱ्हाइकानं शिफारस बंद करायला सांगितलं तर त्याला 'परिसरात खपणारं' दाखवा, ते त्याच्या स्वतःच्या नोंदी न पाहता चालतं.

सुरुवातीचा क्रम म्हणाल तर: या आठवड्यात सम-विषमची मोजणी आणि खोटे नंबर काढणं. पुढच्या आठवड्यात दोन ओळी वेगळ्या करणं आणि नोंदी सुरू करणं. मग महिनाभर २० टक्के चिठ्ठी. त्यानंतर सहा गटांचा बँडिट. लाइटजीबीएमचं मॉडेल तिसऱ्या महिन्यात, तेही सम-विषमच्या मोजणीत निदान दोन टक्के टिकले असतील तरच. ते चालू झाल्यावर दर सोमवारी एक आकडा पाहा: किती भेटींत मूळ सोडून दुसरा निवडला गेला. तो सलग महिनाभर ५ टक्क्यांखाली राहिला तर मॉडेल बंद करा आणि तो वेळ स्टॉकच्या नोंदी नीट करण्यात घाला.